स्मृतीची स्वस्ताई



काही महिन्यांपूर्वी मी इंदुरास एका जुन्या स्नेह्यांच्या घरी उतरलो होतो. गृहस्थ निवृत्त शिक्षक. पुस्तके, परसातली बाग आणि नऊ वर्षांपूर्वी मुलाने घेऊन दिलेला एक संगणक, एवढा त्यांचा विरंगुळा. ह्या संगणकाची प्रकृती अलीकडे फार मंदावली होती. सकाळी त्याची कळ दाबावी, चहाचे आधण ठेवावे, चहा पिऊन पेला विसळून टाकावा, आणि मग कोठे पडद्यावर कामाची चिन्हे दिसू लागावीत! परंतु ह्या मंद यंत्राच्या पोटात एक मोलाची ठेव होती. स्नेह्यांच्या मातोश्रींनी अखेरच्या वर्षांत म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित करून त्यात जपून ठेविल्या होत्या. मातोश्री आता नाहीत. ओव्या मात्र आहेत.

नवा संगणक घ्यावयाचा तर खर्च मोठा. तेव्हा जुन्याच संगणकातील फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे बोलण्यात जिला आपण एसएसडी म्हणतो ती, बसवावी असा सल्ला त्यांना मिळाला होता. आम्ही दोघे बाजारात गेलो. दुकानदाराने दोन डब्या पुढे ठेविल्या. दोन्हींची साठवणक्षमता सारखीच, सुमारे ५०० जीबी. परंतु एकीची किंमत दुसरीच्या जवळजवळ दीडपट. स्नेह्यांनी विचारले, "ह्या दोहोंत फरक काय?" दुकानदार म्हणाला, "तसा काही नाही, काका. दोन्ही चालतात." 

फरक नाही तर किंमत दीडपट कां, हा साधा प्रश्न घेऊन आम्ही रिकाम्या हातांनी घरी परतलो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला ह्या चिमुकल्या वस्तूचा इतिहासच चाळावा लागला. तोच आज आपल्यापुढे थोडक्यात मांडावयाचा आहे. ज्यांना अशी वस्तू बेताच्या पैशांत घ्यावयाची असेल, त्यांना त्याचा काही उपयोग होईल अशी माझी आशा आहे.

संगणकाला दोन प्रकारची स्मृती लागते. एक हाताशी असणारी, काम चालू असेपर्यंतची. दुसरी कोठारातली, वीज गेली तरी टिकून राहणारी. आरंभीच्या यंत्रांत हा भेद आजच्याइतका स्पष्ट नव्हता. आपल्या देशात १९५५ साली कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये इंग्लंडहून आणलेला एचईसी-२एम हा संगणक उभा राहिला. त्याची स्मृती म्हणजे चुंबकीय लेप दिलेले एक फिरते पिंप होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांचे तरुण सहकारी ह्यांनी स्वतः रचलेले यंत्र १९६० साली कामास लागले. पुढे १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत फेराइटची बारीक कडी मण्यांप्रमाणे तारांत ओवलेली होती. चाळीस बिटांचा एक शब्द, असे २,०४८ शब्द त्यात मावत. आजच्या मापाने हे सुमारे दहा हजार बाइट झाले. इंदूरच्या दुकानातील त्या तळहाताएवढ्या डबीत अशा जवळजवळ पाच कोटी टिफ्रॅकांची स्मृती मावली असती.

पिंपानंतर तबकडी आली. १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' नावाची यंत्रणा बाजारात आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर चढविलेल्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून पन्नास लक्ष अक्षरे राहत. वजन एक टनाहून अधिक, आणि भाडे महिना ३,२०० डॉलर! ह्या तबकडीचेच वंशज असलेल्या हार्ड डिस्का पुढे पन्नास वर्षे संगणकाचे कोठार सांभाळीत आल्या. त्या लहान झाल्या, स्वस्त झाल्या, अफाट साठवू लागल्या. परंतु एक उणीव त्यांच्या जन्माबरोबरच आली होती व ती कधीच गेली नाही. तबकडी फिरून योग्य जागा वाचकसुईखाली येईपर्यंत थांबावेच लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चांगल्या डिस्कलाही हवा तो मजकूर सापडावयास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. एकदा वाचावयाचे असेल तर हा विलंब नगण्य आहे. परंतु संगणक सुरू होताना हजारो लहान लहान तुकडे विखुरलेल्या जागांतून गोळा करावे लागतात, आणि प्रत्येक तुकड्यासाठी हा क्षण मोजावा लागतो. माझ्या स्नेह्यांचा चहा होईपर्यंत संगणक जो चाचपडत असे, तो ह्याच कारणाने.

तबकडीच नको, फिरणे नको, काहीच हलावयास नको, अशी स्मृती करता येईल काय? ह्या प्रश्नाच्या उत्तराचे बीज १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पडले. डॉन कांग आणि सायमन झी ह्या दोन संशोधकांनी ट्रान्झिस्टरच्या आत विद्युतवाहक द्रव्याची एक अत्यंत पातळ पट्टी चोहोबाजूंनी निरोधकात बंदिस्त करून ठेवण्याची कल्पना मांडली. बाहेरून जोराचा विद्युतदाब दिला की काही इलेक्ट्रॉन निरोधकाच्या भिंतीतून आत शिरतात. दाब काढून घेतला की ते तेथेच कोंडले जातात, आणि वर्षानुवर्षे राहतात. आत इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, एवढे तपासले की एक बिट वाचले गेले. ह्या कोंडलेल्या पट्टीला 'फ्लोटिंग गेट' असे नाव आहे. भिंत मात्र अमर नव्हे. प्रत्येक वेळी इलेक्ट्रॉन आत ढकलताना व बाहेर ओढताना ती किंचित झिजते. श्रोत्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढील सारी कथा ह्या झिजेभोवती फिरते.

आरंभीच्या अशा चिपा पुसावयाच्या तर त्यांच्या पाठीवर क्वार्ट्‌झची खिडकी ठेवून तीतून जंबुपार किरण सोडावे लागत. पुढे विजेनेच एकेक अक्षर पुसता येईल अशा चिपा निघाल्या. परंतु त्यांत प्रत्येक बिटामागे दोन ट्रान्झिस्टर लागत, म्हणून त्या महाग पडत. येथे जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका रंगभूमीवर येतात. त्यांनी एक विलक्षण काटकसर सुचविली. एकेक अक्षर पुसण्याचा हट्ट सोडून द्यावा. एक मोठा गटच्या गट एका झटक्यात पुसावा. म्हणजे बिटामागे एकच ट्रान्झिस्टर पुरेल. आपल्या लहानपणची पाटी आठवावी. एक ओळ चुकली तरी साऱ्या पाटीवरून बोळा फिरवावयाचा, आणि जे राखावयाचे ते पुन्हा लिहून काढावयाचे, असा हा प्रकार. पुसण्याची ही झटपट पद्धत पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला छायाचित्रकाराच्या फ्लॅशची आठवण झाली, आणि तेच नाव रूढ झाले. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मासुओका ह्यांनी फ्लॅश स्मृती जगापुढे ठेविली. १९८७ साली त्यांनी दुसरी काटकसर केली. प्रत्येक सेलला स्वतंत्र जोडणी देण्याऐवजी अनेक सेल आगगाडीच्या डब्यांप्रमाणे एकामागे एक जोडले, म्हणजे जागा आणखी वाचली. एकेका सेलपाशी तडक पोहोचण्याची सोय गेली. पानेच्या पाने एकदम वाचावी लागू लागली. ही 'नँड' फ्लॅश. आजच्या प्रत्येक एसएसडीच्या पोटात हीच असते.

म्हणजे पाहा, ह्या वस्तूचा जन्मच काटकसरीतून झाला आहे. मासुओका ह्यांनी जे जे सोडले ते उघडपणे सोडले, आणि त्याच्या बदल्यात काय मिळते ते स्पष्ट सांगितले. स्वतः त्यांच्या वाट्याला मात्र पुरेसे श्रेय आले नाही अशी त्यांची भावना राहिली. १९९४ साली ते कंपनी सोडून तोहोकू विद्यापीठात गेले. २००४ साली त्यांनी आपल्या शोधाच्या मोबदल्यासाठी पूर्वीच्या मालकांवर एक अब्ज येनांचा दावा लावला, आणि २००६ साली ८ कोटी ७० लक्ष येनांवर तडजोड झाली. ज्या शोधावर जगाच्या साऱ्या छायाचित्रांचा आणि पत्रांचा भार आहे, त्याच्या जनकाची ही हकीकत आहे.

ह्या स्मृतीतून हार्ड डिस्कची जागा घेणारी वस्तू घडविण्याचे श्रेय पुष्कळ अंशी १९८८ साली कॅलिफोर्नियात निघालेल्या 'सनडिस्क' ह्या कंपनीकडे जाते. पुढे तिने आपले नाव किंचित बदलून 'सॅनडिस्क' केले. तिच्या तीन संस्थापकांपैकी एक, संजय मेहरोत्रा, हे मूळचे कानपूरचे. १९९१ साली ह्या कंपनीने आयबीएमला २० एमबी क्षमतेची एसएसडी पुरविली. तिची किंमत सुमारे एक हजार डॉलर होती. एमबीला पन्नास डॉलर! असल्या भावाने घरगुती संगणकात तिचा शिरकाव होणे शक्यच नव्हते. तो झाला आडवाटेने. कॅमेरे, खिशातील गाणी वाजविणारी यंत्रे, मोबाइल फोन ह्यांना हलक्या, न हलणाऱ्या स्मृतीची गरज होती. त्यांच्या कोट्यवधी नगांच्या मागणीने कारखाने वाढले व भाव उतरला.

२००७ साल ह्या दृष्टीने संस्मरणीय आहे. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' ह्या आंतरराष्ट्रीय योजनेची हिरवी-पांढरी यंत्रे त्या वर्षी आपल्या रायगड जिल्ह्यातील खैरात ह्या छोट्या गावाच्या शाळेत आली. त्या यंत्रात हार्ड डिस्क नव्हती. होती केवळ एक जीबी फ्लॅश. धुळीत, पावसात, पोरांच्या हातून पडण्याझडण्यात फिरती तबकडी टिकली नसती, म्हणून ही योजना. त्याच वर्षी तैवानच्या आसूस कंपनीने 'ई पीसी' नावाचा स्वस्त लॅपटॉप काढला. त्यात बहुधा चार जीबी फ्लॅश असे. ह्याच्या उलट, २००८ च्या जानेवारीत ॲपल कंपनीचा 'मॅकबुक एअर' निघाला तो हार्ड डिस्कसह १,७९९ डॉलरांना, आणि ६४ जीबी एसएसडी व किंचित वेगवान प्रोसेसरसह ३,०९८ डॉलरांना. एकाच काळी ही वस्तू गरिबाच्या यंत्रात होती आणि श्रीमंताच्याही. गरिबाने ती थोडी घेतली आणि तिच्या थोडेपणात भागविले. श्रीमंताने पुष्कळ घेतली व पैसे मोजले. आपण मध्यमवर्गीयांना मात्र ती पुष्कळ हवी होती, आणि स्वस्तही हवी होती. पुढची सारी काटकसर आपल्यासाठी झाली.

ती कशी झाली, ते एका घरगुती दृष्टांताने सांगतो. एका फुलपात्रात पाणी आहे की नाही हे दुरूनही कळते. फुलपात्र भरलेले म्हणजे एक, रिकामे म्हणजे शून्य. हा झाला एका सेलमध्ये एक बिट साठविण्याचा प्रकार. परंतु रिकामे, पाव, अर्धे आणि भरलेले अशा चार पातळ्या ओळखता आल्या, तर त्याच फुलपात्रात दोन बिट राहतात. आठ पातळ्या ओळखल्या तर तीन, सोळा ओळखल्या तर चार. ह्या चार प्रकारांना इंग्रजी आद्याक्षरांवरून एसएलसी, एमएलसी, टीएलसी आणि क्यूएलसी अशी नावे आहेत. फुलपात्र तेवढेच, साठा चौपट. परंतु पातळ्या जितक्या जवळजवळ, तितके पाणी ओतताना जपावे लागते, म्हणून लिहिण्यास वेळ लागतो. थोडे पाणी आटले तरी पातळी चुकते, म्हणून वाचताना दुरुस्तीचे गणित करावे लागते. आणि पात्राला जराशी गळती लागली की ते लवकर निकामी ठरते, म्हणून आयुष्य घटते. पहिल्या प्रकारचा सेल सुमारे एक लक्ष वेळा लिहून पुसता येई. तिसऱ्या व चौथ्या प्रकारांत ही गणना काही हजारांवर, कधी हजाराच्याही आत आली.

ह्या काटकसरीची किंमत कशी मोजावी लागते, ते २०१४ साली दिसून आले. सॅमसंग कंपनीची '८४० इव्हो' ही टीएलसी जातीची ड्राइव्ह लोकप्रिय होती. ग्राहकांच्या ध्यानात आले की नवा मजकूर झपाट्याने वाचला जातो. परंतु काही महिने पडून राहिलेला मजकूर वाचताना ती अडखळते. फुलपात्रातील पाणी किंचित आटले होते, आणि खरी पातळी कोणती हे पुनःपुन्हा तपासावे लागत होते. कंपनीने दोष मान्य केला, त्या वर्षी ऑक्टोबरात दुरुस्ती दिली. ती पुरली नाही म्हणून २०१५ च्या एप्रिलमध्ये दुसरी दिली. ह्या दुसऱ्या दुरुस्तीनंतर ड्राइव्ह आपला जुना मजकूर अधूनमधून स्वतःच नव्याने लिहून काढू लागली.

सुदैवाने ह्याच सुमारास एक निराळी वाट सापडली. सेल लहान लहान करीत जमिनीवर दाटी करण्याऐवजी ते मजल्यांवर मजले चढवून रचावयाचे. शहरात जागा संपली की इमारती उंच होतात, तसेच हे. २०१३ साली सॅमसंगने २४ थरांची चिप बाजारात आणली. २०२२ साली मायक्रॉन कंपनीने २३२ थर रचले. उंची मिळाल्यामुळे एकेक सेल पुन्हा थोडा ऐसपैस करता आला, आणि तीन बिटांची टीएलसी रोजच्या वापरास भरवशाची झाली. काटकसर करूनही वस्तू सुधारते ती अशी. सर्वच स्वस्ताई वाईट नसते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

आता ह्या काटकसरींचे मोल आकड्यांत पाहू. २०१८ साली एक टीबी, म्हणजे हजार जीबी क्षमतेच्या तीन ड्राइव्ह बाजारात होत्या. पाच वर्षांच्या हमीत किती मजकूर लिहावयास मुभा आहे, हे प्रत्येकीच्या उत्पादकाने जाहीर केले होते. दोन बिटांच्या '९७० प्रो'ला १,२०० टीबी; तीन बिटांच्या '९७० इव्हो'ला ६०० टीबी; आणि इंटेल कंपनीच्या चार बिटांच्या '६६०पी'ला २०० टीबी. हे आकडे ऐकून कोणीही घाबरेल. परंतु जरा हिशेब करा. घरगुती संगणकावर दिवसाला वीस जीबी लिहिले जाते असे सढळ हाताने धरले, तरी २०० टीबी संपावयास सत्तावीस वर्षे लागतील. तेव्हा झिजेची भीती घरगुती ग्राहकाने फारशी बाळगू नये. चार बिटांच्या ड्राइव्हचा खरा जाच निराळा आहे. तिच्यातील मोकळ्या जागेचा काही भाग एका बिटाच्या झटपट रीतीने वापरला जातो, म्हणून नेहमीची लहानसहान कामे वेगाने होतात. परंतु ती जागा भरत आली आणि मोठा मजकूर एकदम लिहावयाचा झाला, की तिची गती कित्येकदा जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली घसरते.

आणखी एक काटकसर आहे, ती चिपांची मोजदाद केल्याखेरीज दिसत नाही. एसएसडीमध्ये कोणता मजकूर कोठे ठेविला आहे ह्याची एक भली मोठी अनुक्रमणिका लागते. एक टीबी क्षमतेला ती सुमारे एक जीबी भरते. चांगल्या ड्राइव्हमध्ये ही अनुक्रमणिका हाताशी ठेवण्यासाठी डीरॅम ह्या वेगवान स्मृतीची एक वेगळी चिप असते. स्वस्त ड्राइव्हमध्ये ती गाळतात. मग प्रत्येक शोधासाठी कोठारातच हुडकावे लागते, आणि पानामागून पाने उलटण्यात वेळ जातो. ह्यावर २०१४ साली एक तोड निघाली. 'एनव्हीएमई' ह्या नव्या जोडणीच्या नियमावलीत ड्राइव्हला संगणकाच्याच मुख्य स्मृतीचा एक कोपरा उसना घेण्याची मुभा मिळाली. परंतु 'साटा' ह्या जुन्या जोडणीस ही सवलत नाही. माझ्या स्नेह्यांचा संगणक जुना, म्हणजे साटाचा. त्यांनी डीरॅम नसलेली ड्राइव्ह घेतली असती तर तिला उसनवारीचीही सोय नव्हती. दीडपट किमतीचे अर्धे उत्तर येथे सापडले.

उरलेले अर्धे उत्तर अधिक कटू आहे. काटकसर उघड असेल तर ग्राहक निवड करू शकतो. ती लपविलेली असेल तर निवडीचा हक्कच हिरावला जातो. २०११ च्या आरंभी ओसीझेड ह्या अमेरिकी कंपनीने आपल्या 'व्हर्टेक्स २' ड्राइव्हमध्ये पूर्वीच्या ३४ नॅनोमीटरच्या चिपांऐवजी २५ नॅनोमीटरच्या चिपा घातल्या. नाव तेच, डबी तीच. मात्र क्षमता व वेग कमी भरू लागले. ग्राहकांनी गलका केला, तेव्हा माल बदलून देण्याची पाळी आली. पुढे तीन वर्षांच्या आतच, २०१३ च्या डिसेंबरात, ह्या कंपनीने दिवाळे जाहीर केले. त्याला इतरही कारणे होती. परंतु धडा कोणी फारसा घेतला असे दिसत नाही. २०२१ साली क्रूशियलच्या 'पी-२' ड्राइव्हमध्ये तीन बिटांच्या सेलांच्या जागी चार बिटांचे सेल आल्याचे परीक्षकांच्या ध्यानात आले. त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलच्या 'ब्लू एसएन-५५०' ड्राइव्हची चिप बदलून तिचा लेखनवेग उतरल्याचे उघड झाले. तेव्हा ह्या कंपनीने पुढे असा बदल केल्यास वस्तूचे नावही बदलू असे आश्वासन दिले. जे आधीच व्हावयास हवे होते ते बोभाटा झाल्यावर झाले.

ह्या साऱ्या इतिहासातून बेताच्या पैशांत एसएसडी घेणाऱ्याने काय घ्यावे? पहिली गोष्ट, आपल्या संगणकास कोणती जोडणी आहे ते आधी पाहावे. जुन्या संगणकात अडीच इंची साटा ड्राइव्ह बसते. तिचा वेग सेकंदाला सुमारे साडेपाचशे एमबीवर थांबतो, आणि घरगुती कामास तो भरपूर आहे. नव्या संगणकात 'एम-२' नावाची लहान पट्टी बसते; परंतु केवळ आकारावरून ती साटा आहे की एनव्हीएमई हे ठरत नाही, म्हणून संगणकाच्या माहितीपत्रकात खातरजमा करावी. दुसरी गोष्ट, साटा घ्यावयाची असेल तर डीरॅमसाठी चार पैसे अधिक मोजावेत. एनव्हीएमई असेल तर ती नसली तरी चालते. तिसरी, सेल तीन बिटांचे असतील तर उत्तम. चार बिटांचे घ्यावयाचे तर किंमत खरोखरीच कमी असली पाहिजे, आणि काम वाचण्याचे अधिक व लिहिण्याचे कमी असले पाहिजे. ड्राइव्ह कोणतीही असो, काठोकाठ भरू नये. चौथी, हमीची वर्षे आणि लेखनाची मर्यादा टीबीमध्ये छापलेली आहे की नाही ते पाहावे. जो उत्पादक हे दोन आकडे सांगावयास कचरतो, त्याच्या मालास दुरूनच नमस्कार करावा. पाचवी, अशक्य वाटावी इतकी मोठी क्षमता अशक्य वाटावी इतक्या कमी किमतीत कोणी देऊ लागला तर ती बहुधा लबाडी असते. आतली चिप लहान, आणि संगणकाला मात्र मोठा आकडा सांगण्याची शिकवण तिला दिलेली, असे प्रकार बाजारात आढळतात. घेतल्यावर ड्राइव्ह एकदा पूर्ण भरून वाचून पाहिली की ही लबाडी उघडी पडते. त्यासाठी फुकट मिळणारे प्रोग्रॅमही आहेत.

भाव आणखी उतरतील म्हणून थांबावे काय, असेही कोणी विचारील. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला तेव्हा हार्ड डिस्कचे भाव एकाएकी चढले होते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रगृहांची मागणी वाढल्यामुळे स्मृतीच्या चिपाही महागल्या. हा भाव नेहमी उतरतच जातो असे समजू नये. गरज असेल तेव्हा, गरजेपुरते घ्यावे, हेच खरे.

आणि अखेरची गोष्ट ड्राइव्हच्या निवडीपलीकडची आहे. हार्ड डिस्क बिघडू लागली की बहुधा कुरकुरते, खटखटते, मालकाला सावध करते. एसएसडी कित्येकदा एके सकाळी मुकाट्याने मान टाकते. ती वीज न देता कपाटात ठेवली तर तिच्यातील इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात, आणि उन्हाळ्याच्या तापाने अधिक झपाट्याने. ह्या उद्योगाच्या मानकानुसार, लेखनाची मर्यादा संपलेल्या घरगुती ड्राइव्हने ३० अंश तापमानात विजेवाचून एक वर्ष मजकूर राखला म्हणजे ती उत्तीर्ण. आपल्याकडील वैशाखात कपाटाचे तापमान ३० अंशांवर थांबत नाही. नव्या ड्राइव्हला इतकी भीती नाही. तरीही एसएसडी ही धावपळीची वस्तू आहे, कुलुपात घालून विसरण्याची नव्हे. मोलाचा मजकूर दोन ठिकाणी असलाच पाहिजे.

माझ्या स्नेह्यांनी दोन दिवसांनी त्या दुकानात पुन्हा जाऊन महाग डबी घेतली. तिच्यात डीरॅम होती, तीन बिटांचे सेल होते, आणि हमीचे दोन्ही आकडे स्पष्ट छापलेले होते. स्वस्त डबीवर क्षमतेखेरीज काहीच लिहिलेले नव्हते. आता त्यांचा संगणक आधण उकळण्यापूर्वीच तयार असतो. परंतु मला त्याहून समाधान वाटले ते दुसऱ्या गोष्टीचे. जुनी हार्ड डिस्क त्यांनी टाकून दिली नाही. ती एका लहान पेटीत बसवून घेतली, ओव्यांची एक प्रत तीवर ठेविली, आणि तिसरी प्रत बडोद्याच्या बहिणीकडे पाठविली. निघण्याच्या दिवशी सकाळी त्यांनी मला त्यांतील एक ओवी ऐकविली. आवाजामागे जात्याची घरघर स्पष्ट ऐकू येत होती.